फळाचें चित्र आणि आपली त्वचा

ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील दुकानांत हल्लीं फळांच्या नांवांचे कोरियन त्वचालेप मिळतात. लावून पाहण्यापूर्वीं आम्हीं डबीवरील घटकांची यादी वाचली. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक तींत उतरत्या क्रमानें छापावे, असा भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांचा दंडक आहे. पहिलें नांव बहुधा पाण्याचें; फळाचा अर्क कित्येकदां अगदीं शेवटीं! मग घरचें लिंबूच चोळावें काय? मुळींच नाहीं. त्याचा रस फार आम्ल. शिवाय त्यावर ऊन पडल्यास त्वचा भाजून काळे डाग पडूं शकतात. लेप प्रथम कोपराच्या आंतील बाजूस कांहीं दिवस लावावा. खाज अथवा लाली न आल्यासच मुखास लावावा. आरशापुढें उभे राहण्यापूर्वीं एवढें वाचन विद्यार्थ्यांनीं अवश्य करावें.