मॉरिशस बेट व तेथील मराठी लोक

हिंदी महासागराच्या नकाशावर आफ्रिकेच्या पूर्वेस मादागास्कर हें विशाल बेट सहज दिसतें. त्याच्याही पूर्वेस सुमारें ८०० किलोमीटरांवर एक बारीकसा ठिपका आहे, तोच मॉरिशस. मुख्य बेटाचें क्षेत्रफळ अवघें १८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एका पुणें जिल्ह्यांत अशीं आठ बेटें मावतील! तेथील सर्वांत उंच शिखर ८२८ मीटरांचें; आपल्या सिंहगडाहून तें बरेंच ठेंगणें. परंतु एवढ्याशा भूमीचा आपल्या कोंकणाशीं जो संबंध जडला, तो पुष्कळांस ठाऊक नसतो, म्हणून त्या बेटाची कांहीं माहिती आम्ही येथें देत आहों.

हें बेट ज्वालामुखीच्या उद्रेकानें समुद्रांतून वर आलें. त्याच्या बहुतेक सर्व बाजूंनीं पोवळ्यांच्या खडकांचें कडें आहे. त्यामुळें बाहेर लाटा गर्जत असतां किनाऱ्यालगतचें पाणी तळ्यासारखें शांत राहतें. बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळें ऋतु आपल्या उलट: आपल्याकडे मे महिन्याच्या उन्हाची काहिली होत असतां तेथें थंडीचे दिवस जवळ आलेले असतात.

१५९८ सालीं डच खलाशी येथें उतरले, व आपला राजपुत्र मॉरिस याचें नांव त्यांनीं बेटास दिलें. त्या वेळीं तेथें मनुष्यवस्ती मुळींच नव्हती. होता तो डोडो पक्षी. तो पारव्याच्या कुळांतला, पण हंसाहूनही थोराड, आणि उडतां न येणारा. शत्रु कधीं पाहिलाच नसल्यामुळें भिणें त्याला माहीत नव्हतें. खलाश्यांनीं तो खाऊन संपविला, अशी समजूत आहे. पण त्याचें मांस त्यांस फारसें रुचत नसे. मोठा घात केला तो गलबतांतून आलेल्या उंदीर, डुकरें व माकडें यांनीं. बिचाऱ्याचीं जमिनीवर घातलेलीं अंडीं त्यांनीं फस्त केलीं, आणि सतरावें शतक संपण्यापूर्वींच डोडो पृथ्वीवरून नाहींसा झाला.

ऊसही डचांनींच जावाहून आणला. पुढें १७१५ सालीं फ्रेंचांनीं व १८१० सालीं इंग्रजांनीं बेट घेतलें. मळ्यांवर राबत ते आफ्रिका व मादागास्कर येथून आणलेले गुलाम. १८३५ सालीं गुलामगिरी बंद झाली. पण ती बंद होणार असें दिसूं लागतांच मळेवाल्यांनीं हिंदुस्थानाकडे दृष्टि वळविली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ‘ॲटलास’ जहाजानें कलकत्त्याहून ३६ मजूर पोर्ट लुई बंदरांत उतरले. त्यानंतर विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत सुमारें साडेचार लक्ष माणसें करारानें गेलीं. मुंबई बंदरांतून निघालेल्यांत रत्नागिरी व त्याच्या आसपासच्या मुलखांतील मराठी माणसें पुष्कळ होतीं. ज्या धक्क्यावर हे लोक उतरत, तो ‘आप्रवासी घाट’ २००६ सालापासून जागतिक वारसास्थळ आहे.

उतरतांच प्रत्येकास एक क्रमांक मिळे. कारकून नांव ऐकूं येईल तसें रोमन लिपींत लिही, आणि बापाचें नुसतें नांवच पुढें कित्येक घराण्यांचें आडनांव होऊन बसे. मूळ आडनांव गेलें, गांवाचाही विसर पडला. आज असे वंशज मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवलेल्या जुन्या नोंदवह्यांतून आपल्या पूर्वजाचें गांव शोधतात.

१२ मार्च १९६८ रोजीं मॉरिशस स्वतंत्र झालें. दांडीयात्रेचा आरंभही १२ मार्चचाच, हें आमच्या वाचकांच्या ध्यानांत येईलच. साखरेवर सर्वस्वीं अवलंबून असलेला हा देश आतां कापड, पर्यटन व बँका यांवरही चालतो.

तेथील मराठी कुटुंबांत आज घरची बोली बहुधा क्रिओल. ती फ्रेंचपासून निघालेली. मराठी मुलें आईची भाषा आईच्या तोंडून नव्हे, तर शाळेंतील ऐच्छिक विषय म्हणून बाळबोध अक्षरांत शिकतात. आम्हांस ही गोष्ट डोडोच्या कथेहून अधिक चटका लावते. तरी गणेशचतुर्थीस तेथें सार्वजनिक सुटी असते. मूर्ति वाजतगाजत नदीवर किंवा समुद्रावर नेतात, आणि कोंकणांत जिला जाखडी म्हणतात, ती झांजढोलकीच्या तालावर फेर धरून तेथेंही नाचली जाते. नांव मात्र थोडें फिरलें आहे: तेथें तिला ‘झाकरी’ म्हणतात.