डोळ्यातील बाहुली आणि इंग्रजी सफरचंद

'ही इज द ॲपल ऑफ हिज मदर्स आय' हे वाक्य शब्दशः घेतले तर 'तो आईच्या डोळ्यातील सफरचंद आहे' असे विचित्र भाषांतर होते. खरा अर्थ : तो आईचा जीव की प्राण, गळ्यातला ताईत आहे.

मग सफरचंद आले कोठून? जुन्या इंग्रजीत बुबुळाच्या मध्यभागी असलेल्या काळ्या भागास 'ॲपल' म्हणत. तो फळासारखा गोल, घट्ट गोळा आहे असा समज होता. दृष्टी त्यावर अवलंबून, म्हणून तो प्राणपणाने जपायचा. आपण त्यालाच बाहुली म्हणतो. लॅटिन भाषेतील 'प्युपिला' या शब्दाचा अर्थही लहान मुलगी, बाहुली असाच आहे. त्यावरूनच डोळ्यातील बाहुलीस इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात.

वापरताना 'माय', 'हर', 'देअर' असे बदल करावेत. 'आय' मात्र एकवचनीच ठेवावे. बाबासाहेबांचा धाकटा मुलगा राजरत्न १९२६ साली बालवयातच गेला. 'राजरत्न वॉज द ॲपल ऑफ हिज फादर्स आय' हे वाक्य लिहून पाहा. त्या पित्याचे दुःख ध्यानी येईल आणि वाक्प्रचार कधी विसरणार नाही.

आपल्या शहरातील नागसेनवनात बाबासाहेबांनी १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयास भदन्त नागसेनांना प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाचे नाव आहे. आम्ही एवढेच सांगतो : अर्थ पाठ करण्यापूर्वी 'असे का?' हे जरूर विचारा.