वादळाचा माग काढणारे गव्हर्नर

प्रश्न : चक्रीवादळांच्या इतिहासात बर्म्युडाचे गव्हर्नर विल्यम रीड यांचं नाव भेटतं. हे गृहस्थ तर लष्करातले. मग वादळांच्या भानगडीत कसे पडले?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : बांधकामाच्या निमित्ताने! रीड (१७९१–१८५८) हे स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाचे चिरंजीव, रॉयल इंजिनिअर्समधले अधिकारी. ऐन विशीत वेलिंग्टनच्या फौजेबरोबर स्पेनमधल्या वेढ्यांत लढले, जखमी झाले. ऑगस्ट १८३१मध्ये बार्बाडोस बेट वादळाने झोडपून काढलं. दीड हजारांवर माणसं दगावली. पडलेल्या सरकारी इमारती उभारायला रीडना धाडलं गेलं. दुसरा कोणी भिंती बांधून, बिलं मंजूर करून घरी गेला असता. हे मात्र वाऱ्याच्याच मागे लागले.

अमेरिकेत विल्यम रेडफील्डने १८२१च्या वादळानंतर एक गोष्ट टिपली होती : एका गावात झाडं ज्या दिशेला आडवी झाली, त्याच्या बरोबर उलट दिशेला ती काही मैलांवर पडली होती. म्हणजे वारा गरगर फिरत पुढे सरकला असणार. रीडनी पडताळा घेतला तो समुद्रावर. एकाच वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या आणि कुणाला, केव्हा, कुठून वारा लागला ते नकाशावर मांडायचं. किचकट काम, पण त्यातून कप्तानांच्या कामाचा आडाखा मिळाला : उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं, की वादळाचं केंद्र साधारण उजव्या हाताला असतं. १८३८मध्ये त्यांचं पुस्तक आलं. ते वाचून कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन बंगालच्या उपसागरातल्या वादळांचा अभ्यास करू लागले.

१८३९मध्ये रीड बर्म्युडाचे गव्हर्नर झाले. अशी बेटं म्हणजे आरमाराची ठाणी, त्यामुळे तिथे लष्करी माणूस नेमण्यात नवल नव्हतं. नवल त्यांच्या कारभाराचं : ग्रंथालय काढलं, शेतकऱ्यांना नांगर धरायला लावला, शेतीची प्रदर्शनं भरवली. १८४६मध्ये पुन्हा बार्बाडोस, आता गव्हर्नर म्हणून. बॅरोमीटर उतरला की वादळाचा इशारा द्यायची सोय त्यांनी तिथेच केली. लंडनच्या १८५१च्या जागतिक प्रदर्शनाच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपदही त्यांच्याकडे आलं. त्यानंतर १८५८पर्यंत ते माल्टाचे गव्हर्नर होते. क्रिमियाचं युद्ध त्याच काळातलं, त्यामुळे तिकडे निघालेल्या फौजांची वर्दळही त्यांनाच निस्तरावी लागली.