सेवाकार्यासाठी सार्वजनिक दौड: आखणी आणि व्यवस्था

एखाद्या सत्कार्यासाठी पैसा उभा करावयाचा, तर पूर्वी नाटकाचा मदतनिधी प्रयोग लावीत, गाण्याची बैठक भरवीत किंवा पावतीपुस्तक घेऊन घरोघर हिंडत. गेल्या काही दशकांत या मार्गांच्या जोडीला सामुदायिक दौड आली आहे. या प्रथेला जगभर ओळख मिळवून देणाऱ्यांत टेरी फॉक्स या कॅनेडियन तरुणाचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. हाडाच्या कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला हा तरुण १२ एप्रिल १९८० रोजी कृत्रिम पाय लावून सेंट जॉन्स या गावाहून निघाला. कर्करोगाच्या संशोधनासाठी प्रत्येक देशबांधवामागे एक डॉलर जमवावा, असा त्याचा संकल्प होता. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर अंतर धावल्यानंतर, रोग फुप्फुसांत पसरल्यामुळे, १ सप्टेंबरला थंडर बे शहराजवळ त्याला थांबावे लागले. २८ जून १९८१ रोजी तो निवर्तला. परंतु त्यापूर्वीच २ कोटी ४० लाख डॉलरांहून अधिक निधी जमला होता. कॅनडाची लोकसंख्याही तेव्हा साधारण तेवढीच होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून त्याच्या नावाने वार्षिक दौड भरू लागली. तीत प्रवेशशुल्क नाही, स्पर्धा नाही आणि प्रायोजकांच्या जाहिरातीही नाहीत.

आपल्याकडील मोठ्या शहरांत रुजलेला प्रकार याहून वेगळा आहे. बंगळुरू हे त्याचे उत्तम उदाहरण होय. समुद्रसपाटीपासून सुमारे ९२० मीटर उंचीवरील हवा, कब्बन पार्क आणि लालबाग यांसारखी विस्तीर्ण उद्याने आणि पहाटे धावणाऱ्यांची मोठी संख्या यांमुळे हे शहर अशा उपक्रमांना अनुकूल ठरले. व्हाइटफील्ड भागात रोटरीच्या एका शाखेने २००७ पासून मध्यरात्रीची मॅरेथॉन भरविली, तर २००८ च्या मे महिन्यात दहा किलोमीटरची जागतिक दौड सुरू झाली. या दौडीत प्रवेशशुल्क असते, मोठे प्रायोजक असतात आणि परदेशी धावपटूंसाठी भरघोस बक्षिसेही असतात. सेवाकार्यासाठीचा पैसा मात्र बव्हंशी वेगळ्या वाटेने येतो. इंडिया केअर्स फाउंडेशन या मध्यस्थ संस्थेकडे अनेक स्वयंसेवी संस्था नाव नोंदवितात. धावणारा त्यांपैकी एक निवडतो आणि आपल्या आप्तेष्टांकडून तिच्यासाठी देणगी मागतो. स्पर्धेचा खर्च एका थैलीतून होतो आणि देणगी दुसऱ्या थैलीत पडते. प्रस्तुत प्रकरणाचा सारा भर या दोन थैल्यांवर आहे, कारण लहान संस्था चुकतात त्या बहुधा येथेच.

समजा, एखाद्या संस्थेने १,००० लोकांची पाच किलोमीटरची दौड योजिली आणि दर माणशी ५०० रुपये शुल्क ठेवले. शुल्काचे ५ लाख आणि प्रायोजकाचे अडीच लाख मिळून साडेसात लाख रुपये होतात. सदरे, पदके, मंच, ध्वनिक्षेपक, अडथळे, पाणी, रुग्णवाहिका आणि न्याहारी मिळून साडेसहा लाख खर्च झाला, तर १ लाख उरतो. पत्रकावर मात्र ‘आपले शुल्क अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी’ असे छापलेले असते. वस्तुतः प्रत्येक रुपयातील वीस पैसेच मुलांपर्यंत पोहोचतात, आणि तेही प्रायोजकाने शब्द पाळला तर. त्याने शेवटच्या पंधरवड्यात हात आखडता घेतला की दीड लाखाची तूट येते. या वेळी काटछाट कशात होते, हे पाहण्यासारखे आहे. सदरे छापून झालेले असतात, पदके ओतून झालेली असतात, मंचाची आगाऊ रक्कम दिलेली असते. शिल्लक राहतात त्या अखेरीस पैसे द्यावयाच्या बाबी: दुसरी रुग्णवाहिका, पाण्याचे तिसरे ठिकाण आणि चौकातील भाडोत्री अडथळे. म्हणजे जिच्यावर धावणाऱ्याचा जीव अवलंबून असतो, नेमकी तीच व्यवस्था आकसते. आणि ‘एवढा पैसा मुलांना तरी जाईल’ या समर्थनामुळे कोणाच्या मनाला ते खुपतही नाही.

यावर उपाय सोपा आहे. शुल्क इतके ठेवावे की धावण्याचा संपूर्ण खर्च त्यातून निघावा, आणि पत्रकावर ‘शुल्क हे व्यवस्थेच्या खर्चासाठी आहे’ असे स्वच्छ लिहावे. वरील उदाहरणात ते साडेसहाशे रुपये होईल. सदरा आणि पदक वगळले तर ते बरेच उतरेल. दरवर्षी कपाटात साचणाऱ्या सदऱ्यांविषयी धावणाऱ्यांत फारसे ममत्व उरलेले नाही, असे आमचे मत आहे. रुग्णवाहिका, डॉक्टर आणि पाणी यांचे पैसे सर्वप्रथम द्यावेत किंवा निराळे काढून ठेवावेत. देणगीचे आवाहन स्वतंत्रपणे करावे आणि ती रक्कम थेट लाभार्थी संस्थेच्या खात्यात जमा व्हावी. हजारांपैकी केवळ २०० जणांनी सरासरी दीड हजार रुपये जमविले, तरी ३ लाख होतात. पहिल्या पद्धतीत प्रायोजकासह उरलेल्या रकमेच्या हे तिप्पट आहे. प्रायोजक मिळालाच तर त्याचा पैसा ही वरकड समजावी. त्याच्यावर आखणी उभारू नये.

प्रायोजकांसंबंधी एक बाब येथेच नोंदविणे इष्ट. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याचा ठराविक भाग सामाजिक कार्यासाठी खर्चावा लागतो. त्यातून दौडीला पैसे मिळतील, अशी अनेक संयोजकांची समजूत असते. परंतु जून २०१४ मधील परिपत्रकात केंद्रीय मंत्रालयाने मॅरेथॉनसारखे एकवेळचे कार्यक्रम या खर्चात धरता येणार नाहीत, असे स्पष्ट केले होते. पुढे २०२१ च्या सुधारित नियमांनी, मालाच्या जाहिरातीचा लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्वही त्यातून वगळले. तेव्हा कंपनीकडे जाताना दौडीसाठी जाहिरातीच्या खात्यातून आणि मुलांच्या शिक्षणासाठी सामाजिक खात्यातून, अशा दोन वेगळ्या मागण्या घेऊन जावे.

आता दिवसाची निवड. बंगळुरूच्या सौम्य हवेवर विसंबून अनेक जण एप्रिल-मे महिन्यांतही दौडी ठरवितात. २८ एप्रिल २०२४ रोजी, म्हणजे जागतिक दौडीच्याच दिवशी, दुपारी शहराचा पारा ३८.५ अंशांवर गेला होता. दौड पहाटे उरकलेली असल्याने तो ताप धावणाऱ्यांना सोसावा लागला नाही. मात्र भाषणे लांबली, प्रमुख पाहुण्यांना उशीर झाला आणि पाच वाजताची सुरुवात साडेसातला झाली, तर ही सुरक्षितता उरत नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथील सोहळ्यात उघड्या मैदानावर दुपारपर्यंत बसलेल्या श्रोत्यांपैकी १४ जण उष्माघाताने दगावले, हे महाराष्ट्रातील वाचक विसरले नसतील; तेथे तर कोणी धावतही नव्हते. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ बंगळुरूत सर्वांत निर्धोक होय. पाहुण्यांचा सत्कार करावयाचाच असल्यास तो दौडीनंतर, सावलीत करावा.

मार्गाची निवड नकाशावर न करता, ज्या वारी व ज्या वेळी दौड व्हावयाची त्याच वारी व त्याच वेळी पायी फिरून करावी. रविवारी पहाटे कब्बन रस्त्याचा परिसर मोकळा दिसतो. परंतु जवळच शिवाजीनगरात बाउरिंग रुग्णालय आहे, नृपतुंग रस्त्यावर सेंट मार्था रुग्णालय आहे आणि चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेला येणारी कुटुंबे आहेत. मार्गाने त्यांची वाट अडत असेल, तर रुग्णवाहिकेला धावणाऱ्यांची रांग ओलांडता येईल अशी जागा आधीच ठरवून तेथे जाणता माणूस उभा करावा. त्याला कन्नड बोलता आले पाहिजे. रस्ता का बंद आहे, हे रिक्षावाल्याला आणि फुलवालीला त्यांच्या भाषेत समजावून सांगणारा एक स्वयंसेवक दहा फलकांचे काम करतो. परवानग्यांत वाहतूक पोलिसांची परवानगी सर्वांत महत्त्वाची. सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरूत एकाऐवजी पाच महानगरपालिका झाल्या, त्यामुळे मार्ग कोणाकोणाच्या हद्दीतून जातो हेही पाहावे लागते. हाती लेखी परवानगी आल्याखेरीज नावनोंदणी सुरू करू नये.

गर्दीच्या बाबतीत या शहराने फार मोठी किंमत मोजली आहे. ४ जून २०२५ रोजी चिन्नास्वामी मैदानावर क्रिकेट संघाच्या विजयोत्सवाच्या वेळी प्रवेशद्वारांशी चेंगराचेंगरी होऊन ११ जणांचा मृत्यू झाला. मैदानात सुमारे ३५ हजार माणसे मावतात. बाहेर जमलेला समुदाय त्याच्या कित्येक पट होता. हजार माणसांच्या दौडीला हा दाखला लागू पडत नाही, असे वाटण्याचा संभव आहे. परंतु चेंगराचेंगरी एकूण संख्येमुळे होत नाही; अरुंद जागी एकाच वेळी आत शिरू पाहणाऱ्यांमुळे ती होते. फुकट सदरा वाटणाऱ्या एका टेबलापाशी दोनशे माणसेही ती घडवू शकतात. म्हणून छातीवर लावावयाचे क्रमांक आदल्या दिवशीच द्यावेत, दोन-अडीचशेंच्या तुकड्या काही मिनिटांच्या अंतराने सोडाव्यात, आणि अंतिम रेषेपुढे माणसे थबकणार नाहीत अशा बेताने पाणी व पदके निदान पन्नास-साठ पावले पुढे ठेवावीत. नावनोंदणीचा आकडा भरला की ती बंद करावी. देणगीचा मोह येथेही आडवा येतो. ‘आणखी शंभर घेतले तर आणखी तेवढी मदत’ हा हिशेब रस्त्याची रुंदी जमेस धरीत नाही.

पाण्याचा प्रश्न बंगळुरूत केवळ सोयीचा नाही. शहराचे पिण्याचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरांवरून, कावेरीतून उपसून आणावे लागते. मार्च २०२४ च्या टंचाईत पाणीपुरवठा मंडळाने वाहने धुण्यासाठी, बागेसाठी आणि बांधकामासाठी पिण्याचे पाणी वापरण्यास बंदी करून पाच हजार रुपये दंड ठेवला होता. अशा शहरात रस्त्यावर पाण्याने अर्धे भरलेले पेले पसरलेले दिसणे लोकांना रुचत नाही. हिशेब अवघड नाही: हजार माणसे, दोन ठिकाणे, प्रत्येकी दोनशे मिलिलिटर, म्हणजे चारशे लिटर; अंतिम रेषेपाशी तितकेच आणि सांडलवंडीसाठी निम्मे अधिक धरले, तर बाराशे लिटर पुरतात. प्लास्टिकच्या पेल्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. न्याहारीच्या इडली-उपम्यासाठी मात्र कागदी बशाही टाळता येतात, कारण बंगळुरूत अदम्य चेतना या संस्थेने स्टीलची ताटे आणि पेले उसने देणारी ‘प्लेट बँक’ चालविली आहे.

वैद्यकीय व्यवस्थेबद्दल पुष्कळ लिहिता येईल. येथे दोनच गोष्टी सांगतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात पूर्ण व अर्ध्या मॅरेथॉनमध्ये धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख लोकांची पाहणी झाली. त्यांत ५९ जणांचे हृदय अकस्मात बंद पडले आणि ४२ जण दगावले. प्रसंग विरळा, पण घडला तर बहुधा प्राणघातक. जे वाचले, त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने तत्काळ छातीवर दाब देणे निर्णायक ठरले. रुग्णवाहिका कितीही जवळ असली, तरी पहिली दोन-तीन मिनिटे स्वयंसेवकाचीच असतात. म्हणून प्रत्येक स्वयंसेवकाला हे दाबतंत्र प्रत्यक्ष शिकवावे आणि हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र अंतिम रेषेजवळ ठेवावे. दुसरी गोष्ट उष्माघाताची. धावता धावता बरळू लागलेल्या, झोकांड्या जाणाऱ्या माणसाला घाईने गाडीत घालण्याची आपली प्रवृत्ती असते. उष्माघाताचा नियम उलटा आहे: आधी थंड करावे, मग हलवावे. बर्फाच्या पाण्याचा एक मोठा टब, चादरी आणि एक जाणता डॉक्टर एवढी सामग्री त्याला पुरते. तिचा खर्च शंभर पदकांहून अधिक येत नाही.

दौड संपल्यावर संयोजकांत जी शिथिलता येते, तीत हिशेब अडकून पडतो. दौडीचा जमाखर्च आणि देणग्यांचा जमाखर्च अशी दोन स्वतंत्र पत्रके महिन्याच्या आत तयार करून सर्व सहभागींना पाठवावीत. शुल्काच्या बदल्यात धावणाऱ्याला सेवा व वस्तू मिळालेल्या असतात, त्यामुळे शुल्काच्या पावतीवर ‘देणगी’ हा शब्द येता कामा नये. आयकरातील सवलत खऱ्या देणगीलाच मिळते आणि पावती लाभार्थी संस्थेने द्यावयाची असते. २०१७ पासून दोन हजार रुपयांहून अधिक रोख देणगीला ही सवलत मिळत नाही. म्हणून मार्गावर डबा घेऊन फिरणाऱ्या स्वयंसेवकांनी मोठी रोख रक्कम न स्वीकारता देणाऱ्यास खात्याचा क्रमांक द्यावा. पुढील वर्षी त्याच माणसाकडे पुन्हा जावयाचे असेल, तर मधल्या काळात त्याच्या पैशाने किती मुलांची कोणती फी भरली, हे कळविणारे एक साधे पत्र लाभार्थी संस्थेकडून लिहवून घ्यावे. हे काम कोणी करावयाचे, ते समितीच्या पहिल्याच बैठकीत नावानिशी ठरवावे. शेवटच्या बैठकीला बहुधा खजिनदार आणि चिटणीस एवढेच हजर असतात.