लोहाराचा मुलगा आणि मेणबत्ती

थंडीत शेकोटीभोवती बसलेला माणूस हातातल्या काटकीने निखारे हलवीत राहतो. त्यात काही काम असते का? काही नाही. विस्तवाशी खेळायला माणसाला आवडते, एवढेच. मी साठी ओलांडली, पण दिवाळीत भुईनळा पेटला की अजून पोरांच्या पुढे जाऊन उभा राहतो.

विस्तवाची अशीच गोडी असलेल्या एका माणसाची ही गोष्ट. त्याचे नाव मायकेल फॅरेडे. इंग्लंड देशात १७९१ साली तो जन्मला. बाप लोहार. घरी गरिबी. शाळा झाली ती नावापुरती. चौदाव्या वर्षी पोरगा पुस्तके बांधायचे काम शिकू लागला. दुकानात बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. वाचता वाचता त्याला शास्त्राची गोडी लागली, आणि पुढे तो फार मोठा शास्त्रज्ञ झाला. वीज तयार करण्याची जी युक्ती आजही चालते, तिचे मूळ त्याने १८३१ साली शोधले.

हा मोठा माणूस नाताळात मुलांना जमवून एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने देई. १८६० च्या नाताळात ती त्याने पुन्हा दिली, तेव्हा त्याचे वय ६९ होते! त्या काळी तिकडे एक खेळ असे. ताटात मनुका ठेवायच्या, वर कडक दारू ओतून पेटवायची, आणि निळ्या ज्वाळांतून मनुका उचलून तोंडात टाकायच्या. फॅरेडेने ज्वाळा कशी असते ते दाखवायला हा खेळसुद्धा मांडला. (आपण मनुका नुसत्याच खाव्या.)

पण पुढची गंमत तुम्हीही करू शकता. मेणबत्ती चांगली जळू द्या. मग हळूच फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर निघेल. लगेच पेटती काडी त्या धुरात धरा, वातीच्या दोन बोटे वर. काडी वातीला लागत नाही, तरी ज्योत धुरातून खाली उडी मारते आणि मेणबत्ती पेटते!

हे कसे झाले? जळते ते घट्ट मेण नव्हे. मेण वितळते, वातीतून वर चढते. पाण्यात पदर बुडाला की वरपर्यंत ओला होतो ना, तसेच. वर गेल्यावर उष्णतेने त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते. आपण पाहिलेला पांढरा धूर म्हणजे तीच न जळलेली वाफ.

ज्योतीवर थंड वाटी धरली की काजळी धरते. काजळ असेच धरतात. काजळीचे हे कण ज्योतीत तापून पिवळे होतात. दिव्याचा पिवळा उजेड तो त्यांचाच. म्हणजे डोळ्यातले काळे काजळ आणि दिव्याचा उजेड ही सख्खी भावंडे म्हणायची!

फुलबाजीची गोष्ट थोडी निराळी. तिच्या मसाल्यात लोखंडासारख्या धातूचे बारीक कण असतात. ते तापून उडतात आणि हवेत जळतात. विळ्याला धार लावताना चाकावरून ठिणग्या उडतात, त्याही लोखंडाच्याच.

पाणी १०० अंशाला उकळते. फुलबाजी त्याच्या दहापट तापते. विझली तरी तार बराच वेळ भाजते, आणि काळी झाल्यामुळे अंधारात दिसत नाही. लहानपणी मी अनवाणी अशाच तारेवर पाय दिला. आजीने मायेने शाई लावली. फोड पिकला, आणि सुगीभर मी लंगडत होतो.

भाजले तर शाई, माती, तेल, दंतमंजन काही लावू नये. बर्फही नको. भाजलेल्या जागी २० मिनिटे साधे गार पाणी ओतावे. २० म्हणजे २०, दोन नव्हेत. फोड फोडू नये. स्वच्छ फडके सैल गुंडाळावे. तोंड किंवा हात भाजला, किंवा भाजलेली जागा मोठी असली, तर थेट दवाखान्यात न्यावे.

आमच्या अंगणात आता दिवाळीला आधी पाण्याची बादली भरली जाते. फुलबाजी संपली की तार बादलीत. चुर्र असा आवाज होतो. पोरांना तो आवाजच इतका आवडतो की तार टाकायला भांडणे होतात.