आजीचे नव्वद दिवस

मंडळी, एप्रिल-मे आला की आपल्या घरांत एकच गडबड सुरू होते. आजी-आजोबा येणार! पण व्हिसाचा नियम असा की शेंगेन देशांत १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहायचे. या नव्वद दिवसांत आजीकडून नातवंडांकडे नेमके काय जाते? आम्ही काही पालकांनी एकत्र बसून यावर विचार केला. त्यातून हाती लागले ते असे.

१. वेळ नव्हे, नेम महत्त्वाचा
जूनमध्ये इथे सूर्य मावळतो रात्री दहाला. मुले त्याआधीच झोपलेली. मग तिन्हीसांजेचा दिवा लावायचा कधी? आमच्यातल्या एका घरी आजींनी सरळ सांगितले, "सगळी माणसं घरी आली की दिवा लावायचा." तेव्हापासून त्या घरी लख्ख उन्हात, सात वाजता 'शुभं करोति' होते. रूढी थोडी वाकली, पण मोडली नाही.

२. श्रद्धा द्यावी, भीती देऊ नये
दुसऱ्या एका घरी मात्र वेगळे घडले. "खोटं बोललास तर देव शिक्षा करील," असे आजी सहज बोलून गेल्या. सात वर्षांचा नातू दोन रात्री झोपला नाही. सूनबाई चिडल्या, आजी दुखावल्या, घरात अबोला. तिसऱ्या दिवशी आजीच म्हणाल्या, "मला लहानपणी असंच सांगितलं होतं. मीही रात्र रात्र जागी असायची." मग त्यांनी नातवाला जवळ घेऊन सांगितले, "देव रागावत नाही रे. पण खोटं बोललं की आपल्यालाच चैन पडत नाही, ते बघ." हे त्याला लगेच पटले. आम्हा मोठ्यांनाही!

३. शेजाऱ्यांकडून शिकण्यासारखे
हेगमधले सुरीनामी हिंदुस्तानी आपल्या ओळखीचे आहेत. त्यांचे पूर्वज मजूर म्हणून ५ जून १८७३ रोजी 'लल्ला रूख' जहाजाने सुरीनामला पोचले. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातले हजारो लोक नेदरलँड्समध्ये आले. दोन स्थलांतरे, दीडशे वर्षे, तरी त्यांच्या घरी रामायण आहे, होळी आहे आणि आजीला ते 'आजी'च म्हणतात! व्हिडिओ कॉल तर सोडाच, पत्रसुद्धा दुर्मिळ होते, त्या काळात हे टिकले. घरातल्या म्हाताऱ्यांनी रोज म्हटले आणि मुलांनी रोज ऐकले, म्हणून टिकले.

४. संस्कार गोष्टीतून पोचतो
एका आजोबांनी नातीला सांगितले, की त्यांचे वडील पुण्यात वार लावून जेवत शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. नात म्हणाली, "म्हणजे फुडसेलबँकसारखं?" आजोबांना तो शब्द समजावून सांगावा लागला. गरजूंना अन्न देणारी ही संस्था इथे २००२ साली रॉटरडॅममध्ये सुरू झाली. पुढच्या शनिवारी आजोबा-नात डाळीची आणि तांदळाची पाकिटे घेऊन तिथे गेले. दानाचा याहून चांगला धडा कोणता? ही पुस्तिका तरी दुसऱ्या कशासाठी निघते!

घरी करून पाहा
• रोज एक गोष्ट आजी-आजोबांच्या स्वतःच्या बालपणातली. उपदेश नको.
• मुलांनी आजीला रोज एक डच शब्द शिकवावा. शिकणारी आजी मुलांना जास्त आवडते.
• "देव खरंच आहे का?" असे मुलाने विचारले तर गप्प करू नका. "मला असं वाटतं, तू मोठा झालास की तुझं तू ठरव," एवढे पुरे.

आणि नव्वद दिवस संपल्यावर? स्खिपोलवर डोळे पुसून झाले की खरा अभ्यास सुरू होतो. बुधवारी इथल्या बऱ्याच शाळा लवकर सुटतात. दुपारी अडीचच्या सुमारास फोन लावा. तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. आजी तिथे दिवा लावतील, नातवंडे इथे हात जोडतील. पाच मिनिटांचे काम. पण आजी आहेत तोवरच होणारे, हे विसरू नका.