शाळाखोलीचे बांधकाम आणि कामाची साखळी

गावात शाळेची एक खोली बांधावयाची आहे. निधी मंजूर आहे, जागा शाळेच्या आवारातच आहे, ग्रामसभेचा ठरावही झालेला आहे. तरीही जून उजाडतो तेव्हा भिंती उभ्या असतात आणि वर छप्पर नसते. हे दृश्य आपल्या वाचकांस अपरिचित नसावे. दोष बहुधा ठेकेदारास दिला जातो. पुष्कळदा मात्र चूक त्याआधीच, नियोजनात झालेली असते.

कोणते काम कोणत्या कामासाठी थांबून राहते, हे प्रथम पाहावे. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यू पॉन्ट कंपनीत या विचारातून ‘क्रिटिकल पाथ’ म्हणजेच निर्णायक मार्गाची पद्धती विकसित झाली. एकामागून एकच होऊ शकणाऱ्या कामांची जी सर्वांत लांब साखळी, तिच्यावर पूर्ततेची तारीख ठरते. या साखळीत एक दिवस वाया गेला, तर सबंध काम एक दिवस लांबते. इतर कामांना थोडी सवड असते. दारे-खिडक्या सुताराकडे पाया खणला जात असतानाच तयार होऊ शकतात. त्यांची चिंता बैठकीत तासभर करण्याचे कारण नाही.

चिंता स्लॅबची करावी. भारतीय मानक ४५६ नुसार, साधे पोर्टलँड सिमेंट वापरले असता, साडेचार मीटरपेक्षा अधिक गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू १४ दिवस काढता येत नाहीत, आणि उष्ण व कोरड्या हवेत काँक्रीट किमान १० दिवस ओले ठेवावे लागते. मजूर वाढवून हे दिवस कमी होत नाहीत. शिवाय एप्रिल-मे महिन्यांत, जेथे पिण्यासाठीच टँकरची वाट पाहावी लागते, तेथे स्लॅबवर पाणी कोण मारणार? म्हणून विहिरीस पाणी आहे तोवर, फेब्रुवारीत, स्लॅब पडला पाहिजे. येथून मागे मोजत गेल्यास पाया डिसेंबरात आणि कार्यारंभ आदेश नोव्हेंबरात येतो. अर्थात अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता आणि निविदा ही कामे पावसाळ्यातच उरकावी लागतात. निवडणूक अपेक्षित असल्यास आचारसंहितेचा काळही त्यात धरावा.

आणखी एक दुवा कागदावर क्वचितच दिसतो, तो म्हणजे अभियंत्याची भेट. पायाची खोली आणि स्लॅबमधील लोखंड काँक्रीटखाली झाकले जाण्यापूर्वी तपासून मोजमाप पुस्तकात नोंदले गेले पाहिजे. एका शाखा अभियंत्याकडे अनेक गावे असतात. लोखंड बांधून झाल्यावर निरोप धाडला, तर आठवडा सहज जातो आणि तोवर गवंडी दुसऱ्या गावी निघून जातात. तेव्हा या भेटींच्या तारखा कार्यारंभाच्या दिवशीच अभियंत्याशी बोलून ठरवाव्यात, पंचायतीच्या फलकावर लिहाव्यात, आणि आठवण देण्याची जबाबदारी कोणा एका सदस्याकडे नावानिशी सोपवावी.